तानसा जलवाहिनीकाठच्या सायकल मार्गास अनावृत पत्र

चि. सायकल मार्ग, मुक्काम मुलुंड ते सायन, यास अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, मुंबई महापालिकेने 2025 मध्ये माहुलमधली 9,098 रिकामी घरे विकायला काढली. तीही आपल्याच तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना, 12 लाख 60 हजारांत एक. या शहरात एवढ्या पैशांत दुसरीकडे खोलीची चौकटही मिळत नाही, तरी गिऱ्हाईक फिरकेना. अर्जांची मुदत वाढवावी लागली. आयुष्य चाळीत काढलेल्या कामगारालाही हे घर नकोसे का वाटावे, हे खरे तर तुला ठाऊक हवे. तुझ्या वाटेतून उठवलेली माणसे तिथेच नेऊन टाकली होती ना!

तुझे बारसे थाटात झाले. तानसाच्या जलवाहिन्यांलगत 39 किलोमीटर लांबी, शेकडो कोटींचा खर्च, चित्रात हिरवळ आणि शिरस्त्राण घातलेली प्रसन्न कुटुंबे. त्याआधी जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंचे 10 मीटर मोकळे करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश होता. कारण, पाण्याची सुरक्षितता. म्हणजे झोपडीचा पाण्याला धोका, सायकलीचा नाही. शास्त्र असते ते.

आता जरा त्या झोपडीतल्या बाईकडे बघ. विद्याविहारला जलवाहिनीलगत राहायची, चार घरची धुणीभांडी करायची आणि कामावर चालत जायची. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन पोरांना वाढायची. तिला ना पेट्रोल लागे, ना तिकीट, ना पार्किंग. पर्यावरणस्नेही वाहतुकीवर परिषदा भरवणाऱ्यांना दिवा घेऊन शोधूनही असा प्रवासी सापडला नसता. नेमका त्यालाच शहराने उचलून माहुलला ठेवला. मग तिची सकाळ बदलली. आधी बस किंवा शेअर रिक्षाने चेंबूर, तिथून हार्बरने कुर्ला, कुर्ल्याला पूल चढून-उतरून मध्य रेल्वेची गाडी आणि मग विद्याविहार. चार घरांतली दोन तिथेच सुटली, कारण सात वाजता पोचणे जमेना. उरलेल्या पगारातला एक हिस्सा प्रवास खातो. बेस्टचे किमान भाडे मे 2025 मध्ये 5 रुपयांवरून 10 झाले, तेही तिच्याच खात्यावर.

आणि एवढी यातायात करून परतायचे कुठे? 225 चौरस फुटांत, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. खिडकी उघडावी तर वास, लावावी तर घुसमट. लिफ्ट बंद पडली की म्हातारी माणसे वरच्या मजल्यावरच अडकतात. या परिसरात केईएम रुग्णालयाने केलेल्या सर्वेक्षणात सुमारे दोन तृतीयांश लोकांनी वारंवार धाप लागत असल्याचे सांगितले होते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2015 मध्ये इथल्या हवेचा आरोग्याला धोका असल्याचे म्हटले. आणि त्यानंतर, 2017 मध्ये, जलवाहिनीवरची कुटुंबे तिथे पाठवली गेली. आधी नव्हे, नंतर! याला नियोजनातली चूक म्हणत नाहीत. निकाल समोर असताना माणसे विषारी हवेत ढकलली, याला निर्दयपणा म्हणतात, आणि त्या फाइलवर ज्यांनी सह्या केल्या त्यांनी एक रात्र तरी तिथे काढून दाखवावी.

लोक विद्याविहारच्या पदपथावर येऊन बसले, कोर्टात गेले. एप्रिल 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले, दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना 15,000 रुपये भाडे आणि 45,000 अनामत द्या. 

वाहतुकीची सोय नव्हती असे मात्र कुणी म्हणू नये. माहुलच्या अंगावरून मोनोरेल जात होती. 19 ऑगस्ट 2025 च्या पावसात ती म्हैसूर कॉलनीजवळ गर्दीच्या भाराने अडकली, शेकडो प्रवाशांना अग्निशमन दलाने खाली उतरवले आणि 20 सप्टेंबरपासून सेवाच थांबली.

खरे सांगायचे तर, पोरा, राग तुझ्यावर नाही. तुझेही हाल कुत्रा खाईना. कुठे तुकडा झाला, कुठे कागदावरच राहिला. तुझा थोरला भाऊ, बीकेसीतला सायकल मार्ग, तर सायकलींऐवजी दुचाक्या उभ्या करायच्या कामी आला, आणि 2025 मध्ये तो उखडून मोटारींना आणखी एक लेन द्यायचे ठरले. उद्या तुझीही पाळी येईल. ज्यांना उठवून तुला जागा केली त्यांच्याकडे एखादी जुनी सायकल होती. चित्रातल्या कुटुंबांकडे मोटारी आहेत.

म्हणून तुझा उरलेला तुकडा बांधायला साहेब लोक टेप घेऊन येतील, तेव्हा एवढा निरोप त्यांना पोचव: विद्याविहार-घाटकोपरच्या आसपास, चालत कामाला जाता येईल अशा अंतरावर, या कुटुंबांना घरे द्या. तोवर माहुलहून कुर्ला आणि चेंबूरला पहाटेपासून दर दहा मिनिटांनी बस सोडा. तुझी निविदा त्यानंतर.