एक टीप टाक ना!

हिंजवडीच्या आयटी पार्कात उच्चनीच अजिबात नाही. मॅनेजरपासून ट्रेनीपर्यंत सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. फक्त डेव्हलपर सॉफ्टवेअर घडवतो, टेस्टर ते मोडतो आणि टेक्निकल रायटर 'जरा इंग्लिश बघून घेतो'. शुक्रवारी रिलीज असेल तर रायटरला गुरुवारी संध्याकाळी कळतं, तेही केकसाठी वर्गणी मागायला कुणी आलं म्हणून.

या अनास्थेला शास्त्राधार आहे बरं का! 2001 साली अमेरिकेतल्या युटामध्ये 17 जणांनी अजाइल या सॉफ्टवेअर घडवण्याच्या पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. भारंभार दस्तऐवजांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं, हे त्यातलं कलम प्रत्येक डेव्हलपरला तोंडपाठ. दस्तऐवजांनाही मोल आहेच, अशी पुस्ती त्याच जाहीरनाम्यात खाली जोडलेली आहे. ती कुणी वाचलेली नाही. वाचणार कशी? तेही डॉक्युमेंटेशनच की!

पूर्वजांची तऱ्हा वेगळी होती. बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवणाऱ्यांना नवा पीडीपी-11 संगणक हवा होता. तो पदरात पडला कशाच्या जोरावर, तर मजकूर नीटनेटका मांडणारी सोय करून देतो या आश्वासनावर. पुढे ती सोय पहिल्यांदा वापरली पेटंट विभागातल्या टायपिस्टांनी. म्हणजे ज्या युनिक्सच्या नावाने आज कॉलर ताठ होते, त्याची पहिली रोजीरोटी कागदपत्रांवरच. 3 नोव्हेंबर 1971 ची तारीख असलेलं त्याचं पहिलं मॅन्युअल केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी स्वतः लिहिलं, आणि त्यात 'बग्ज' असा रकानाही ठेवला. नवी आवृत्ती काढायची वेळ आली की धांदल उडायची, अशी आठवण त्यांचे सहकारी डग मॅकिलरॉय सांगतात. हे असलं छापायचं कसं, या लाजेपोटी मंडळी प्रोग्रामच सुधारायला बसत.

आपण ती लाजही आउटसोर्स केली.

आता रायटरांना मान मिळावा म्हणून कंपन्या कार्यशाळा घेतात. समोसे चांगले असतात. डेव्हलपर येत नाहीत.

परवाच कळलेली गोष्ट. कंपनीचं नाव विचारू नका. एक रायटर फॉर्मच्या स्टेप्स लिहीत होती. 'कॅन्सल दाबल्यास बदल सेव्ह होत नाहीत' असं लिहिलं आणि खातरजमा म्हणून दाबून पाहिलं. बदल सेव्ह! लॅपटॉप उचलून ती डेव्हलपरच्या खुर्चीशी गेली. त्याने कानातला एक हेडफोन काढला. (दोन्ही काढले असते तर ती मीटिंग धरावी लागते.)

"अगं, माहितीये ते. एक टीप टाक ना."

"बटणावर कॅन्सल लिहिलंय रे."

"म्हणून तर टीप टाक म्हणतोय."

अशा टिपांवर निम्मं यूजर गाइड उभं असतं. बग दुरुस्त करायचा तर तिकीट, एस्टिमेट, स्प्रिंट. टिपेला काय, तीन ओळी आणि एक रायटर. शिवाय हा गडी चाळीस पानांचा मसुदा दोन मिनिटांत 'एलजीटीएम' (म्हणजे 'लुक्स गुड टू मी') लिहून पास करणारा, त्यामुळे टिपेत काय लिहिलंय याची त्याला फिकीर नव्हती.

तिने टाकली टीप. 'कॅन्सल हे बटण काहीही कॅन्सल करत नाही. कारण जाणून घ्यायचे असल्यास पुढील एक्स्टेन्शनवर फोन करावा.' आणि खाली त्याचा नंबर.

त्या दिवशी त्याने मसुदा पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. बग जेवणाच्या सुट्टीआधी दुरुस्त झाला. आता डिझाइनच्या मीटिंगचं आमंत्रण तिला सर्वांत आधी जातं. फक्त तिथे कुणी आपला एक्स्टेन्शन नंबर मोठ्याने सांगत नाही.