कंपनी तीच, चहा वेगळा

॥ श्री ॥

बोस्टन,
रविवार, रात्री

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. फक्त माझे पाय आणि तुमच्या जावयांचं पाकीट, दोघांची तब्येत जरा नरम आहे. कारण आज आम्ही 'फ्रीडम ट्रेल' पायी फिरून आलो. इथे रस्त्यातून एक लाल रेघ काढली आहे, कुठे रंगाची, कुठे विटांची. सुमारे चार किलोमीटर जाते आणि सोळा ऐतिहासिक ठिकाणं जोडते. रेघ फुकट आहे. तिच्यावरून चालवणारा माणूस तिकीट घेतो. किती, ते लिहीत नाही. बाबा लगेच रुपयांत हिशोब करतील आणि आईला रक्तदाबाची गोळी शोधत बसावं लागेल.

गाइड तीनकोनी टोपी आणि गुडघ्यापर्यंतची विजार घालून आला. तुमच्या जावयांना तो बँडवाला वाटला. वरात कुठाय म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. पण गडी बोलायला पक्का. सॅम्युअल अ‍ॅडम्सच्या कबरीपाशी त्याचा आवाज असा खाली आला, की जणू कालच खांदा देऊन आलाय. पुढे १७१३ सालचं ओल्ड स्टेट हाउस. "तीनशे वर्षं!" म्हणून तो टाळ्यांसाठी थांबला. मला आपल्या रायपूरचा महादेवघाट आठवला. हटकेश्वराचा शिलालेख १४०२ चा, म्हणजे कोलंबस इकडे पोचायच्या नव्वद वर्षं आधीचा. तरी पाहुणेपणाला जागून टाळ्या वाजवल्या.

मग ओल्ड साउथ मीटिंग हाउस. १६ डिसेंबर १७७३ ला इथली सभा आटोपली आणि करावर चिडलेल्या लोकांनी बंदरात जाऊन चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात टाकल्या. आई, ३४२ पेट्या! ना दूध, ना आलं, थेट खारं पाणी. तू तर चोथासुद्धा गुलाबाला घालतेस.

तुमच्या नातीनं, चिमीनं विचारलं, "चहा कोणाचा होता?"

"ईस्ट इंडिया कंपनीचा."

बाबा, मी तिथेच थबकले. ही तर आपल्या ओळखीची कंपनी! दर रविवारी तुम्ही माझं बोट धरून गुढियारीच्या अंडरब्रिजखालून जयस्तंभ चौकात न्यायचात आणि सोनाखानच्या नारायणसिंहांची तीच गोष्ट सांगायचात. १८५६ चा दुष्काळ, व्यापाऱ्याचं भरलेलं कोठार, ते उघडून भुकेल्यांना वाटलेलं धान्य आणि १० डिसेंबर १८५७ ला कंपनी सरकारनं रायपुरात दिलेली फाशी. माझं सगळं लक्ष जिलबीच्या कढईकडे असायचं. आज कळलं, कानांचंही थोडं होतं.

मी चिमीला ती गोष्ट मराठीत सांगू लागले. शेजारच्या आजींनी "काय, काय?" केलं, म्हणून इंग्रजीत सांगितली. मग आणखी चौघं वळली. शेवटी गाइडही टोपी काढून ऐकत उभा राहिला. यांनी माल बुडवला, आपल्या माणसानं वाटला, एवढं मी म्हटलं आणि पुढे काय बोलावं ते सुचेना. निघताना आजींनी माझ्या हातात पाच डॉलर ठेवले. टिप! मी नको नको म्हणत होते, तेवढ्यात तुमच्या जावयांनी "थँक यू" म्हटलं.

ते पाच डॉलर खरं तर बाबांचे आहेत. पाकिटात वेगळे ठेवलेत. डिसेंबरात येऊ तेव्हा देईन. आईनं मुर्ऱ्याचा चिवडा करून ठेवावा.

तुमची,
छकुली (वय वर्षं ४१)

ता. क. : आजोबांच्या गावात लाल रेघ का नाही, असं चिमी विचारते आहे. ती स्वतः काढणार म्हणते, दारापासून थेट जयस्तंभापर्यंत. आई, तुळशीवृंदावनाचा गेरू जरा जास्तच आणून ठेव.