कुहीत उणे पस्तीस

नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या कुहीच्या हिवाळ्याबद्दल मला आदर आहे, धाक नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, त्या थंडीच्या गोष्टी आमच्याकडे अजून सांगतात. एरवी मात्र तिळसंक्रांत झाली की हात पंख्याच्या बटणाकडे जायला लागतो. नागपुरात दर हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले बसतात. त्यांचा एक स्वेटर आणि कानाला मफलर एवढ्यात आमची थंडी निभते. अशा गावात मी मेंढीच्या कातड्याचं, आतून लोकरीचं, पूर्वीच्या वैमानिकांसारखं जॅकेट घालून फिरतो. पहिल्यांदा बाजारात गेलो तेव्हा मिरचीचा व्यापार करणारे आमचे एक काका म्हणाले, "काऊन गा, मलेरिया झाला का तुले?"

काकांना काय सांगणार! या नादाची माणसं जगभर पसरलेली आहेत. अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांसाठी १९३१ मध्ये ए-टू नावाचं जॅकेट ठरलं. घोड्याच्या कातड्याचं, कंबरेपर्यंतचं, कॉलर वाऱ्यात फडफडू नये म्हणून तिला चापबटणं. खिसे दोन, पण दोन्हींची तोंडं वर. थंडीत हात कोंबून उभं राहायची सोय नाही. आज जपानात आणि इंग्लंडात काही मंडळी हेच जॅकेट दोऱ्याच्या रंगासकट पुन्हा शिवतात आणि त्याची किंमत लाखाच्या पुढे जाते. घेणारे इंचात टाके किती ते मोजतात, चेन कोणत्या कंपनीची यावर भांडतात. काही ठिकाणी कातडं मुद्दाम आतून तपकिरी ठेवून वरून काळं रंगवतात, म्हणजे वापरून वापरून कोपरावर आतला रंग दिसू लागला की मालक कृतार्थ. आमच्या घरी चपलेचा असा आतला रंग दिसला की ती दुसऱ्या दिवशी दारात नसते.

माझं प्रेम मात्र ए-टूवर नाही, मेंढीवर आहे. १९३४ चं अमेरिकेचं बी-थ्री आणि साधारण त्याच सुमाराला इंग्लंडात आलेलं अर्विन, ही ती दोन दैवतं. दुसरं ज्याच्या नावाचं, तो लेस्ली अर्विन हा माणूस मुळात पॅराशूटवाला. १९१९ मध्ये त्यानं विमानातून उडी मारली आणि हवेत असताना स्वतःच्या हातानं पॅराशूट उघडून दाखवलं. उंचावर माणूस पडून मरतो त्याआधी गारठून मरतो, हे त्याला चांगलंच ठाऊक असणार. युरोपच्या आभाळात २५,००० फुटांवर तापमान उणे पस्तीसच्या खाली जाई. बॉम्बफेकी विमानांच्या कुशीत उघड्या खिडक्या, तिथे मशीनगन धरून बसलेली विशीतली पोरं. उघडा हात लोखंडाला लागला की कातडी तिथंच चिकटून राही. कुहीच्या डोक्यावर एवढी थंडी हवी असेल तर दहाएक किलोमीटर सरळ वर चढावं लागेल. मला त्यातल्या त्यात जमणारी उंची म्हणजे पौषातल्या सकाळी सहा वाजता मोटरसायकलवरून उमरेडला जाणं.

आता यातली गंमत अशी, की ज्यांच्यासाठी हे जॅकेट केलं त्यांनाच ते फारसं झेपलं नाही. जाड, अवघडलेलं, विमानाच्या अरुंद बंदूक-बुरुजात बसल्यावर हात हलेना. पुढे विजेच्या तारांनी तापणारे पोशाख आले, कापडी जॅकेटं आली, आणि १९४३ मध्ये अमेरिकी लष्करानं ए-टूची नवी खरेदीही थांबवली. त्या पोरांनी सुटलो म्हणून उतरवलेली वस्तू आम्ही हौसेनं अंगात घालतो. आणि ही थंडी सोसणाऱ्यांत आपलीही माणसं होती. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या विमानदलात होते, उघड्या विमानातून लढले आणि १९१८ मध्ये गेले. त्यांची कबर फ्रान्समध्ये आहे. आपल्या अंगावरच्या जॅकेटात रुबाब किती आणि थंडी किती, हा हिशेब अशा वेळी जरा अडखळतो.

जॅकेटांचा हा प्रकारही आपल्याला अगदीच परका नाही. १९४२ ते ४५ या काळात अमेरिकी वैमानिक आसामातून हिमालय ओलांडून चीनला सामान पोचवत. त्यांच्या जॅकेटांवरचे कितीतरी कातडी बिल्ले आपल्याकडच्या कारागिरांनी कापले, रंगवले, शिवले. त्यांना काय मजुरी मिळाली कोण जाणे. आज संग्राहक ते बिल्ले मोठ्या किमतीला घेतात. आणि नागपूर तर विमानांचं माहेरच. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून चार विमानं निघून मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर भेटत, आपापसात टपालाच्या थैल्या बदलत आणि उजाडायच्या आत परत जात. मावशीनं मद्रासला टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत. जानेवारीतल्या रात्री दोन वाजता सोनेगावच्या धावपट्टीवर उभा असलेला एखादा वैमानिक माझ्या जॅकेटाला हसला नसता, अशी माझी समजूत आहे.

माझं जॅकेट धारावीत शिवलेलं. दुकानदाराला मी जुना फोटो दाखवला. त्यानं फोटोकडे, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, तुम्ही राहता कुठे?" नागपूरकडे म्हटल्यावर त्यानं कातडं मोजायचं थांबवून मला चहा पाजला. ग्राहकाला विचार करायला वेळ देणारा असा दुकानदार विरळा.

पण मला सांगा, कच्छकडचे रबारी पिढ्यान्‌पिढ्या आपले कळप घेऊन विदर्भात फिरतायत. त्या मेंढ्या हेच जॅकेट घालून मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत चालतात. त्यांना कोणी मलेरिया विचारत नाही.

सांभाळायला मात्र हे जॅकेट कठीण. पावसाळ्यात बुरशी, नंतर कसर. कडुलिंबाची पानं आणि डांबरगोळ्या यांचा मिळून जो वास होतो तो कोणत्याही हवाई दलाला माहीत नसावा. त्यात आमचा मुलूख मिरचीचा. माघ-फाल्गुनात सातऱ्यांवर, म्हणजे मिरची निवडायच्या मोकळ्या जागांवर, लाल मिरची पसरलेली असते, बाया तिचे देठ तोडत बसलेल्या असतात आणि रस्त्यानं जाणाराही ठसका देऊन जातो. कापडावरची ही धूळ झटकली की जाते. लोकरीच्या कॉलरमध्ये ती मुक्कामाला येते. कॉलर वर केली की मला पहिली शिंक, बायकोला दुसरी.

गेल्या मे महिन्यात भाचा मित्रांबरोबर श्रीनगरहून लेहला निघाला. "मामा, जाकिट द्या ना, पडूनच हाय." मला भरून आलं. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी साधं डाकोटा विमान हिमशिखरांवरून नेऊन लेहला पहिल्यांदा उतरवलं होतं. त्याच लेहला, त्याच महिन्यात आमच्या घरचं जॅकेट जाणार! नागपूर स्टेशनवर ते हातात धरून उभ्या असलेल्या भाच्याकडे हमालसुद्धा वळून बघत होते म्हणे.

झोजिलाजवळ गाडीच्या काचेशी बर्फ दिसायला लागला तेव्हा पोरानं ते अंगात घातलं, कॉलर ऐटीत वर केली, आणि खिंड उतरेपर्यंत गाडीतली सगळी माणसं शिंकत राहिली, ड्रायव्हरसकट. त्यानं गाडी थांबवून सामानात मिरची कोणी आणली याची रीतसर चौकशी केली. सापडली नाही.

जॅकेट परत आलंय. भाच्याचा अभिप्राय असा: "गरम हाय मामा, पन धुऊन ठेवा." ते धुता येत नाही, हे त्याला समजावून सांगतोय.