दादा, जरा उडवा की!

भिगवणला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या तोंडून बहुतेक वेळा एकच वाक्य निघतं, "हा एवढा पांढरा?" मोबाइलवर तर तो गुलकंदात बुडवून काढलेला असतो.

यात रोहितचा काही दोष नाही. इथे उजनी धरणाच्या फुगवट्यावर येणारा थोरला रोहित मुळात पांढऱ्याकडेच झुकलेला, आणि पिल्लू तर राखाडी. गुलाबी रंग येतो खाण्यातून, म्हणजे शेवाळ आणि पाण्यातल्या बारीक जिवांतून, आणि तो चढायला वर्षं जातात. जो खरा भडक रंग आहे तो बराचसा मिटलेल्या पंखांत दडलेला असतो. पक्षी उडाल्याशिवाय नीट दिसत नाही. घोळ इथेच होतो.

पहाटे नाव सुटते. नावाडी जन्माचा मच्छीमार, त्यामुळे पाणी कुठे उथळ आणि थवा कुठे उतरलाय हे त्याला पाठ. तो बऱ्याच अंतरावर थांबतो. मग आमचे साहेब सरसावतात. हातात सहाशे एमएमची लेन्स, अंगात झाडपाल्याच्या नक्षीचं जाकीट (भर पाण्यात!), आणि तोंडी लाडिक आवाज, "दादा, जरा उडवा की." दादा आधी कानाडोळा करतो. पण जादाची नोट पुढे येते, पुढच्या रविवारचं गिऱ्हाईकही सांभाळायचं असतं. नाव सरकते. मान उलटी घालून चिखल गाळत असलेला थवा पाण्यावरून धावत सुटतो, उडतो, आणि शटरांचा कडकडाट होतो. पक्ष्यांची न्याहारी अर्धवट राहिली, हे त्यातल्या एकाही फोटोत येत नाही.

कुरव पक्ष्यांना तर उडवावंही लागत नाही. शेव-गाठिया भिरकावली की हजर. हिमालयापलीकडून आलेल्या पाहुण्याला आपण तळलेलं बेसन वाढतो आणि वर त्याच्या फोटोला 'बर्ड्स इन फ्लाइट' म्हणतो.

रात्री घरी दुसरा अंक. सॅच्युरेशनचा स्लायडर उजवीकडे गेला की रोहित गुलाबी होतो, पाणी गुलाबी होतं, चिखल गुलाबी होतो. शेजारच्या शेकाट्याचे पाय आधीच गुलाबी, ते तर पेटतातच. मग विजेचा खांब पुसायचा, तरंगणारी पिशवी पुसायची, मध्ये लुडबुडणारा तिसरा रोहितही पुसायचा. त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब पुसायचं मात्र राहून जातं. खाली ओळ, 'निसर्गाची किमया'.

लोक हसतात ते या स्लायडरला. मला तो त्यातल्या त्यात सज्जन वाटतो. त्याने एक पीसही हलत नाही. पांढऱ्या पक्ष्यावर कडक ऊन पडलं की पिसांचा तपशील उडतो. रॉ फाइलमधून तो हलक्या हाताने परत आणणं हे तर कसबाचं काम. खरी लबाडी बहुधा कॅमेऱ्याच्या पुढे होते, मागे नाही. लंडनच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत 2009 साली फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं आणि 2010मध्ये ते काढून घेतलं गेलं. तक्रार फोटोशॉपची नव्हतीच. लांडगा बहुधा माणसाळलेला होता, असं परीक्षकांचं मत पडलं.

तेव्हा मंडळी, गुलाबी हवाच असेल तर घरी बसून खुशाल वाढवा, फक्त खाली 'रंग वाढवला आहे' एवढं लिहा. शेव आपण खा. आणि दादांच्या हातावर जादाची नोट ठेवायचीच असेल, तर ती नाव पुढे न नेल्याबद्दल ठेवा.