सूत जुळेपर्यंत

मिरजेच्या सितारमेकर गल्लीतल्या एका दुकानात मांडी घालून बसलो आणि पहिलाच प्रश्न आला, ‘‘कुठल्या पट्टीत गाता?’’ शाळेत ३४ वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला पट्टी म्हटलं की फुटपट्टीच आठवते. आपल्या गळ्यालाही एक पट्टी असते आणि साठी उलटली तरी ती आपण कधी मोजून घेतलेली नाही, हे त्या क्षणी लक्षात आलं. शिंप्यानं कमरेचं माप विचारावं आणि आपली कंबर नेमकी कुठे असावी इथपासून शोध सुरू व्हावा, तसं झालं. समोरच्या म्हाताऱ्या कारागिरांना गल्लीत सगळे चाचा म्हणत होते. त्यांनी माझी अडचण ओळखून शेजारची पेटी पुढ्यात ओढली आणि ‘‘आ म्हणा’’ म्हणाले. मी डॉक्टरांपुढे म्हणतो तसा आ म्हटला. त्यांनी एक पट्टी दाबली, मान हलवली, दुसरी दाबली, पुन्हा मान हलवली. ‘‘काळी एक,’’ अखेर निकाल लागला. मग माझा चेहरा बघून, काठावर पास झालेल्या पोराच्या बापाला सांगावं तशा हळुवारपणे ते म्हणाले, ‘‘साधारण.’’

तंबोरा विकत घेणं हा प्रकार व्यवहाराच्या चौकटीत बसत नाही. एवढं मोठं वाद्य, माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच, आणि त्यावर एकही गाणं वाजत नाही. ना पडदे, ना सरगम. चार तारा, त्या एकामागून एक छेडायच्या, पुन्हा पहिलीपासून. मुलगा म्हणाला होता, ‘‘बाबा, मोबाइलवर फुकट मिळतो.’’ खरंच मिळतो. कधी बेसूर होत नाही, जागा अडवत नाही. पण मोबाइलमधला तंबोरा म्हणजे फोटोतलं झाड. त्याच्या सावलीत बसता येत नाही. शिवाय त्याला भोपळा नाही. चाचांच्या दुकानात माळ्यावर भोपळेच भोपळे लटकत होते, भीमेकाठच्या मंगळवेढ्या-पंढरपूरकडून आलेले, जाड सालीचे, चवीला कडू. भाजीच्या लायकीचा नाही म्हणून ज्याला कुणी विचारत नाही, तोच गाण्याच्या कामाला येतो, हे मला फार आवडलं. वर्गातले काही चेहरे आठवले. हे भोपळे वाळवतात, पाण्यात भिजवतात, कापून आतला गर काढतात, तोंड आक्रसू नये म्हणून बांबूच्या कामट्या घालून ठेवतात, आणि मग तुणीच्या लाकडाची दांडी त्यांच्याशी जोडली जाते. हे करणारी घराणी शिकलगारांची. पूर्वज तलवारी-भाल्यांना धार लावायचे. एकोणिसाव्या शतकात लढाया ओसरल्या, धारेची गरज उरली नाही, तेव्हा त्याच हातांनी सतारी-तंबोरे घडवायला घेतले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची गोष्ट काढली तर चाचा ‘‘हो, मिळालं ना’’ एवढंच म्हणून पुन्हा घोडीवर कानस चालवू लागले.

तंबोरा हा शब्द माझ्या आयुष्यात गाण्याच्या आधी आला. साताऱ्याच्या आमच्या वाड्यात माजघराच्या कोपऱ्यात जांभळ्या गवसणीत गुंडाळलेला एक तंबोरा उभा असे. रात्री चिमणीच्या उजेडात तो डोक्यावर पदर घेतलेल्या, भिंतीकडे तोंड करून रुसलेल्या बाईसारखा दिसायचा. तो आत्याचा. आत्याच्या लग्नाच्या वेळी ‘मुलगी गाते’ हे वाक्य ‘मुलगी निर्व्यसनी आहे’ इतक्याच सहजपणे सांगितलं गेलं होतं, आणि ऐकणाऱ्यांनी ते तितक्याच सहजपणे सोडून दिलं. सासर गिरगावातल्या चाळीत. दोन खोल्या, नऊ माणसं. तिथे तंबोरा उभा करायचा तर एका माणसाला आडवं व्हायला जागा उरली नसती. दिवाळसणाला आत्या आली ती तंबोरा घेऊन. परत गेली ती एकटी. पुढे कधीतरी लपंडाव खेळताना मी त्याच्यामागे लपलो. नऊ वर्षांचा होतो. धक्का लागला आणि तो पडला. पडताना गंजलेल्या चारही तारा एकदम वाजल्या. मी ऐकलेला त्या तंबोऱ्याचा तो एकमेव आवाज. भोपळ्याचे दोन तुकडे झाले. आत्या मे महिन्यात माहेरी आली तेव्हा मी दोन दिवस तिच्यासमोर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मला पकडून आंबा दिला आणि म्हणाली, ‘‘बरं झालं हो, एक अडगळ कमी झाली.’’ भोपळ्याच्या मोठ्या तुकड्यात आजी पुढे कित्येक वर्षं लसूण ठेवायची.

मिरजेहून निघताना चाचांनी तंबोऱ्याला गादीसारखं गुंडाळून दिलं. फलाटावर त्याला मांडीशी घेऊन बसलो तेव्हा हमालांपासून पोलिसांपर्यंत सगळे अदबीनं बाजूने जात होते. हातात वाद्य असलं की माणूस गातो असं गृहीत धरलं जातं. याच मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांचं अनेक वर्षं घर होतं, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची सेवा असे. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना छातीत दुखू लागलं म्हणून ते एका छोट्या स्टेशनवर उतरले, आणि फलाटावरच तंबोरा जुळवून दरबारीत प्रार्थना गात त्यांनी देह ठेवला असं सांगतात. मी मात्र फलाटावर बसून, गाडीत हा कुठे ठेवायचा, या एकाच विवंचनेत होतो. शेवटी खिडकीची जागा त्याला दिली. समोरच्या बाईंनी त्याच्याकडे बघून खिडकी बंद केली. ‘‘वारा लागेल,’’ म्हणाल्या. माझ्या वाऱ्याची त्यांना काळजी नव्हती.

गाणं शिकवणाऱ्या बाई माझ्याच जुन्या विद्यार्थिनी. नववीत बीजगणितात त्यांना मी पुन्हापुन्हा ‘‘नीट बघ’’ म्हणायचो. आता त्या मला ‘‘सर, नीट ऐका’’ म्हणतात. पहिले तीन महिने त्यांनी मला गाऊच दिलं नाही. फक्त जुळवायचं. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या जोडीच्या, शेवटची पितळेची खर्जाची. सांगायला एवढंच. खुंटी पिळावी तर स्वर ओलांडून पुढे जातो, सोडावी तर घसरून तळाला. कोरड्या हवेत खुंट्या निसटतात, तेव्हा त्यांना खडू लावतात. घरात खडू सापडला नसता तर नवल. निवृत्तीच्या दिवशी खिशात राहिलेला तुकडा मी जपून ठेवला होता, तो असा कामी आला. खुंटीने जमलं नाही ते खालच्या मण्यांनी साधायचं, मणी सरकवायचा तो तांदळाच्या दाण्याएवढाही नाही. आणि एवढं करून तार सुरात आली तरी ती बोलत नाही, नुसती वाजते. मग येते जवारी. घोडीची पाठ किंचित उताराची असते, तार तिला टेकते न टेकते, आणि दोघींच्या मध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवायचा. तो मागेपुढे करत गेलं की एका जागी, केसाच्या रुंदीइतक्याच जागी, तार एकदम उमलते. तिथून पुढे केस गेला की पुन्हा मुकी. ‘सूत जुळणं’ हा शब्द आपण लग्नाच्या बाबतीत उगाच वापरतो. तिथे इतकं बारकाईनं कुणी बघत नाही.

तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू असतो, ते उपस्वर उमटायला नकोत, असा तारांचा नियम आहे. तंबोरा तो मोडतो, आणि मोडण्याचं कारण ती घोडी, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहून ठेवलं. आयुष्यभर मुलांना नियम शिकवलेल्या मला हे वाचून चोरट्यासारखा आनंद झाला. चवथ्या महिन्यात एका संध्याकाळी बाई म्हणाल्या, ‘‘सर, गंधार ऐकू येतोय?’’ गंधाराची तारच नव्हती. पण खर्ज नीट लागला की त्याच्या पोटातून, मूळ कंपनसंख्येच्या पाचपट, आपोआप निघतो तो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मला ऐकू आला नव्हता. मी ‘‘हो’’ म्हटलं. नववीतली मुलं हेच करायची.

पावसाळा आला. खुंट्या फुगून घट्ट बसल्या, तारा आपल्या मर्जीनं उतरू लागल्या. घरात कुणी आजारी असावं तशी सकाळी उठून मी आधी त्याच्याकडे बघे. बायकोनं तिच्या जुन्या इरकलीची गवसणी शिवून दिली. ‘‘माझ्या सांध्यांना एवढं कुणी जपलं नाही,’’ हे वाक्य शिवणाबरोबर फुकट मिळालं.

श्रावणात आत्या आली. आता ८१ वर्षांची आहे, कान अर्धे गेलेत. मी तासभर खपून तंबोरा जुळवून ठेवला होता. तिनं गवसणीवरून हात फिरवला, इरकलीचा काठ ओळखला, मग गवसणी उतरवून भोपळ्याला गाल टेकवला आणि तारा छेडल्या. दोन फेऱ्या झाल्यावर थांबली. नखानं जोडीच्या दुसऱ्या तारेखालचा दोरा जराशानं, दिसेल न दिसेल इतका, मागे घेतला. पुन्हा छेडलं. खोलीत कुणीतरी आत येऊन बसल्यासारखं झालं, आणि मला ऐकू आला तो, गंधार. आत्या गायली नाही. चहावर साय धरेपर्यंत नुसती छेडत राहिली. मग हात न थांबवता विचारलं, ‘‘केवढ्याला पडला रे?’’

मी निम्मी किंमत सांगितली.

‘‘फसवलं तुला,’’ म्हणाली, आणि पुन्हा पंचमापासून सुरुवात केली.