पंधरा पैशांचा अंधार

भाजीच्या पिकअपचा दिवस रात्री उगवतो. नारायणगाव-ओतूरकडचा माल पहाटे वाशीच्या बाजारात उतरवायचा, तर माळशेज घाट ऐन अंधारात उतरावा लागतो. पावसाळ्यात तिथं ढग रस्त्यावरच मुक्कामाला असतात. आमचा चुलतभाऊ टोमॅटोचे कॅरेट भरून हीच वाट तुडवतो. त्याला एकदा विचारलं, "तुझ्या गाडीच्या दिव्यांत दिसतं का रे काही?" तर म्हणाला, "दादा, समोरून कुणी आला की त्याच्या उजेडात पुढचा रस्ता बघून ठेवतो."

दिवा मंद असला की दोष बल्बचा, असं सगळ्या जगाचं ठाम मत आहे. त्यामुळे सल्लेही बल्बचेच मिळतात. एका मित्रानं शंभर-नव्वदचा बल्ब बसवायला लावला. मूळचा साठ-पंचावन्न वॅटचा, त्याजागी हा पैलवान. उजेड फारसा वाढला नाही, होल्डरचं प्लास्टिक मात्र वितळलं आणि केबिनमध्ये इस्त्रीच्या दुकानाचा वास आला. दुसऱ्यानं पांढराशुभ्र एलईडी सुचवला. त्याचा उजेड सगळीकडे पडायचा: झाडांवर, ढगांवर, समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत. रस्ता तेवढा राहून जायचा. जुन्या हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक इवलीशी धातूची वाटी असते. वर जाणारा उजेड ती अडवते, आणि काचेमागचा आरसा त्या तारेची जागा धरूनच घडवलेला असतो. ती जागा बदलली की उजेड मोकाट सुटतो.

शेवटी गाडी वायरिंगवाल्या चाचांकडे गेली. मीही सोबत गेलो. दुसऱ्याच्या गाडीचं काम स्टुलावर बसून चहा पीत बघण्याइतका निर्भेळ आनंद मला दुसरा ठाऊक नाही. चाचांनी बल्बकडे ढुंकूनही पाहिलं नाही. इंजिन सुरू ठेवून बॅटरीवर मीटर लावला: 13.8 व्होल्ट. मग दिवे लावून होल्डरच्या मागे लावला: 11.7.

"दोन व्होल्ट रस्त्यात पडले," चाचा म्हणाले, जणू कुणाचं पाकीट पडलं असावं.

हे व्होल्ट पडतात कुठे? गाडीत करंट बॅटरीतून निघून थेट दिव्याकडे जातच नाही. तो आधी डॅशबोर्डात शिरतो, चावीला भेटतो, स्टिअरिंगखालच्या स्विचला भेटतो, डिपरच्या दांडीतून वळसा घेतो आणि बारीक वायरीतून पुन्हा पुढे येतो. दोन्ही दिवे मिळून नऊ अँपिअरच्या आसपास मागतात. वायर जितकी लांब आणि बारीक, सांधे जितके जुने, तितकी वाटेत गळती. ओम नावाच्या जर्मन शाळामास्तरांनी 1827 सालीच हे लिहून ठेवलंय, पण वायर लांबवणाऱ्यांनी ते मनावर घेतलेलं दिसत नाही.

दिल्लीहून निघालेल्या रुपयातले पंधराच पैसे गरिबापर्यंत पोचतात, असं राजीव गांधी 1985 साली म्हणाले होते. आमच्या गाडीचा कारभार त्या मानानं फारच स्वच्छ: पंधरा पैसे गळत होते आणि पंच्याऐंशी पोचत होते. पण हॅलोजनची तार मोठी मानी. व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं, तर ती उजेड तीस टक्के कमी करते. पंधरा टक्के कापलं, की चाळीस टक्क्यांहून जास्त उजेड गायब. बिचाऱ्या बल्बला इतकी वर्षं उगाचच शिव्या बसत होत्या.

चाचांनी दोन रिले काढले, एक डिपरचा आणि एक अप्परचा. बॅटरीपासून जाड वायर, तिच्या तोंडाशी फ्यूज, मग रिले, तिथून सरळ दिवा. जुनी वायर मात्र तोडली नाही. तिनं आता फक्त रिलेला उठवायचं. त्याला अर्ध्या अँपिअरचीही गरज नसते, म्हणून ती बारीक असली तरी बिघडत नाही. रिलेच्या पायांवर आकडे असतात. तेही जर्मनांनीच ठरवलेले, पण चाचांना ते पाढ्यांसारखे पाठ: "तीसला करंट, सत्त्याऐंशीला बल्ब, पंच्याऐंशी-शहाऐंशीला हुकूम." 1835 च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्रींनी हीच युक्ती केली होती. लांबच्या तारेतून थकून आलेल्या करंटकडून फक्त एक पट्टी हलवून घ्यायची, बाकीचं ओझं जवळच्या ताज्या बॅटरीनं उचलायचं. पुढे दूरदूरची तारायंत्रं याच युक्तीवर चालली.

मग चाचांनी बॉडीवरचा अर्थिंगचा बोल्ट खोलला आणि त्याखालचा गंज पॉलिश पेपरनं घासला. करंटला जायची वाट सगळे बघतात, परतीची कुणी बघत नाही, अशी त्यांची तक्रार. दिवे लावले, बॉनेटखाली 'टक्' वाजलं. मीटर 13.3.

"आता बल्ब लवकर जाईल," चाचांनी बजावलं. तेही खरंच. व्होल्टेज पाच टक्के वाढलं, तर हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. इतकी वर्षं आमचे बल्ब टिकले ते काटकसरीनं जळत होते म्हणून. भाऊ म्हणाला, "जाऊ दे चाचा, बल्ब दोनशेचा, गाडी दहा लाखांची."

एक काम उरलं होतं. मागं कॅरेट भरले की पिकअपचं नाक वर उठतं आणि उजेड आभाळाला लागतो. म्हणजे दिव्यांची नजर माल भरूनच खाली करायला हवी. संध्याकाळी भरलेली गाडी काकूंच्या घरासमोर, भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी केली. दिव्यांच्या उंचीवर खडूनं रेघ मारली. मी रेघेशी उभा राहून "अजून खाली, अजून" म्हणत होतो आणि भाऊ स्क्रू फिरवत होता. एवढ्यात काकू बाहेर आल्या. उजेड बघून क्षणभर हरखल्या, मग भिंतीजवळ जाऊन बोटानं एक पोपडा काढून पाहिला.

"अरे, ही भिंत अशी झालीये होय! दिवाळीच्या आत रंग काढायचा हं. आणि ती रेघ पण पुसा."

भाऊ म्हणाला, "काकू, डिपर मारू का?"