‘सी’ फॉर कढत

मामांचा युरोपवर राग आहे, तो नळांवरून.

लंडनमध्ये तक्रार नव्हती. बेसिनला दोन वेगळे नळ, एकावर ‘एच’, दुसऱ्यावर ‘सी’. एकातून कढत, दुसऱ्यातून गारढोण. कोमट हवं असेल तर ज्याचं त्याने तळहातावर जमवायचं. पण अक्षरं बिचारी इमानदार. पॅरिसच्या जुनाट हॉटेलात मात्र नळांवर ‘सी’ आणि ‘एफ’ निघालं. मामांनी तर्क लढवला: ‘सी’ म्हणजे कोल्ड, तेव्हा ‘एफ’ म्हणजे फायर. नगरपालिकेच्या पाणीखात्यात उभी हयात घालवलेला माणूस. नळाच्या बाबतीत त्यांना कोण अडवणार? क्षणात आतून आरोळी आली. मामी धावली. “अहो, पडलात का?”

“पडलो नाही, शिजलो!”

फ्रेंचांचा ‘सी’ म्हणजे ‘शो’, अर्थात गरम. (उच्चार ‘श’चा, पण लिहिताना पहिलं अक्षर सी. ही मंडळी लिहितात त्यातलं निम्मं बोलत नाहीत.) ‘एफ’ म्हणजे ‘फ्र्वा’, थंड. आपल्याकडच्या शेटजींचा शोफर याच ‘शो’च्या घरातला: मुळात तो वाफेच्या इंजिनाची भट्टी पेटती ठेवणारा. मुंबईच्या ट्रॅफिकमधला शोफर अजूनही तापलेलाच असतो, तेव्हा अर्थ फारसा सरकलेला नाही.

सगळ्याचं मूळ लॅटिन ‘कालिदुस’. एवढं लांबलचक कोण बोलणार, म्हणून रोमन लोक ‘काल्दुस’ म्हणू लागले. सम्राट ऑगस्टसचा नातू गायस मात्र पुस्तकी ‘कालिदुम’ला चिकटून होता, म्हणून आजोबांनी पत्रातून त्याचे कान उपटले: शब्द लॅटिन नाही असं नाही, पण ऐकवत नाही! ही हकीकत क्विंटिलियन या वक्तृत्वाच्या मास्तरांनी नोंदवून ठेवली आहे. एवढं साम्राज्य सांभाळून नातवाला शुद्ध बोलल्याबद्दल रागावणारा हा गृहस्थ सदाशिव पेठेत टिकला नसता.

रोममध्ये मामांचं पित्त उसळलं. पित्तावर थंड दूध. दुधाला तिकडे ‘लात्ते’ म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि पाटीवरच्या ‘काल्दो’त त्यांना कोल्डच दिसलं. ‘लात्ते काल्दो’ आलं ते वाफाळतं. मामा कपाकडे बोट दाखवून “काल्दो! काल्दो!” असं ओरडू लागले. वेटर ओशाळला, कप आत घेऊन गेला आणि दूध आणखी उकळून घेऊन आला. थंडला ‘फ्रेद्दो’ म्हणायचं, हे कळेपर्यंत पित्त आपलं आपण शमलं होतं. दुपारी काराकाल्लाची स्नानगृहं बघितली. इ.स. 216 मध्ये उघडलेली ती अवाढव्य वास्तू. गाइड म्हणाला, हे गरम पाण्याचं दालन, ‘काल्दारियम’. “हे सकाळी सांगायचं होतं,” मामा म्हणाले.

खरं तर घात केला इंग्रजीने. आपण तिचं बोट धरून युरोपभर हिंडतो, आणि ती पडली जर्मनच्या कुळातली. तिचा ‘कोल्ड’ हा जर्मनांच्या ‘काल्ट’चा सख्खा भाऊ; ‘काल्दो’शी त्याचं सोयरसुतक नाही. थंडीच्या बाबतीत मात्र फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल या भावंडांचं एकमत आहे: चौघांकडेही ‘एफ’. रुमानिया तेवढा फुटून निघाला. तिथे थंडला ‘रेचे’ म्हणतात. पुढची सहल तिकडे काढू या का, असं विचारलं तर मामा म्हणाले, “नको. पोट आधीच नाजूक आहे.”

लिस्बनच्या नळावर ‘क्यू’ होता. “आता पाण्यालाही रांग?” मामी म्हणाली. शब्दाच्या मधला ‘ल’ गिळण्याची पोर्तुगीजांना जुनी खोड. स्पॅनिश लोकांनी तो ‘कालिएन्ते’त जपला, यांनी गिळला आणि उरलं ‘केंत’.

मामा आता मुरलेले प्रवासी. जेवायला बसल्यावर घसा शेकायला गरम पाणी हवं, म्हणून त्यांनी वेटरला ठणकावून सांगितलं, “काल्दो!” पण पोर्तुगीजांच्या घरी तो शब्द पाणी सोडून पातेल्यात उतरला आहे, ‘काल्दो’ म्हणजे सार. समोर ‘काल्दो वेर्द’ आलं: बटाट्याचं दाटसर सार, त्यात केसासारखी बारीक चिरलेली पालेभाजी, वर चोरिसाची चकती. मामी मूळची फोंड्याची. तिने चमचाभर चाखून निकाल दिला, “अहो, आमचं काल्दीन याच काल्दोचं लेकरू. नारळाचा रस आणि हळद तेवढी त्याला गोव्यात येऊन मिळाली.”

मामांनी चकती हळूच तिच्या बशीत सरकवली आणि सार चाटूनपुसून संपवलं. आणखी हवं होतं. पण शब्दांवरचा विश्वास उडालेला, म्हणून त्यांनी नुसती रिकामी वाटी वर धरली. वेटरने ती अदबीने उचलून नेली आणि बिल आणून ठेवलं.